सुट्टी संपायच्या आत

२९ ऑक्टोबर

घर भरलं! चारितो मनिलाहून आली, उद्या रोदेल येईल. तीन वर्षांनी दोन्ही मुलं एकदम लाओआगला— मृतांच्या सणाला, बापाच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला. आणि त्यांची आई? तिचं मन होनोलुलूत! लाज वाटते. फारशी नाही.

आन्सेल्मोला शब्द दिलाय— सुट्टी संपायच्या आत मुलांना सांगेन. मगच तो डिसेंबरचं तिकीट काढणार. "लपूनछपून येणार नाही, रेमेदियोस. आपलं वय आहे का ते?" म्हणतो. फर्मिनला जाऊन सहा वर्षं झाली. मी एकोणसाठची. तरी कॉन्व्हेंटात सिस्टर दप्तरं तपासायच्या, तेव्हासारखी छाती धडधडते.

३० ऑक्टोबर

आज फोन नाही. बोलायला कोपरा कुठाय? न्हाणीघरासमोरसुद्धा रांग!

३१ ऑक्टोबर

दुपारी सगळ्यांनी मिळून कबर धुतली, पांढरा रंग दिला. रोदेल बापाचं नाव काळ्या रंगाने गिरवत होता— जीभ दातांत धरून, लहानपणी चित्र काढताना धरायचा तशी. आत्ता सांगू? हातात ब्रश असताना? नाही जमलं.

तिकडे होनोलुलूत आन्सेल्मोकडे अजून कालचाच दिवस. मी कायम त्याच्या उद्यात राहते. तिथून त्याला कळवावंसं वाटतं— ये रे, इथे सगळं ठीक आहे. पण ठीक आहे का, ते मलाच कुठे ठाऊक!

१ नोव्हेंबर, सकाळ

फर्मिनसाठी पान वाढत होते. भात, डुकराचं मांस, पेलाभर उसाची दारू. आणि हात आपोआप तुपिगकडे गेला! केळीच्या पानात भाजलेला, भाताचा नि खोबऱ्याचा तो गोड तुकडा म्हणजे आन्सेल्मोचा जीव की प्राण.

चारितोने बरोबर पाहिलं. "आई, बाबांना खोबऱ्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही!"

मी तुपिग परत उचलायला गेले. कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर माणूस सुधारतो. राहू दे ते."

शहाऐंशी वर्षांच्या. माझ्या खोलीला लागूनच त्यांची खोली. आणि म्हणे, ऐकू येत नाही!

उद्या मुलं परत जाणार. म्हणजे आजच.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

कबरस्तानात दिवसभर बसलो. जेवलो, पत्ते खेळलो, फर्मिनच्या आठवणी काढून हसलो. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी प्यायले.

निघताना सासूबाईंनी रीतीप्रमाणे घरच्या एकेकाला हाक मारली— कुणा जित्या माणसाचा जीव कबरींपाशी रेंगाळू नये म्हणून. "रोदेल, चल घरी. चारितो, चल. रेमेदियोस, चल गं, मागे राहू नकोस."

फाटकाशी पुन्हा थांबल्या. मोठ्याने आणखी एक हाक मारली— "आन्सेल्मो, तूही चल."

रोदेल म्हणाला, "आजी, हा कोण?"

"तुझ्या आईला विचार."

सांगितलं! तिथेच, फाटकात उभी राहून, सगळं.  घरापर्यंत रोदेलने माझा हात सोडला नाही.