फ्यूजभोवतीची चांदी

वेइको,

शनिवारी घरात पाऊल टाकलंस की आईला भेटण्याआधी तू घाम काढायला सौना तापवायला धावतोस, म्हणून चिठ्ठी सौनाच्याच दाराला चिकटवली आहे. बटण दाबत बसू नकोस, तापणार नाही.

बाबांच्या वेळचा, चिनीमातीच्या फ्यूजांचा बोर्ड काल काढून टाकला. अकरा वर्षं तू या बहिणीला म्हणत आलास, "बोर्डाला काही धाड भरलेली नाही, तुईरे, तुझा ओव्हन आवर." इलेक्ट्रिशियनने सौनाचा फ्यूज फिरवून काढला, तर तो कधीच उडालेला आणि त्याच्याभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. सोनेरी, आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या डब्यातली. म्हणजे दोन वर्षं झाली. नवा फ्यूज आणायला दुकान दहा मिनिटांवर आहे. मागची फळी कोळशासारखी काळी पडली होती. त्या फळीपलीकडे कोणाचा पलंग आहे, ते तुला सांगायला नको.

आणि जळका वास आला की नाव माझ्या राय धान्याच्या पावाचं. चोराच्या उलट्या बोंबा.

नव्या बोर्डाला दार आहे, दाराला कुलूप आहे. आतलं सौनाचं बटण मी बंद केलंय आणि किल्ली आईकडे दिली आहे. कशासाठी, ते तिला सांगितलेलं नाही. किल्ली हवी तर तिच्या पलंगावर बस, ही चांदी तिच्या हातात दे आणि कुठे सापडली ते तुझ्या तोंडाने सांग. चांदी खाली टाचली आहे.

सौनाची गरज पडणार नाही. घाम तिथेच फुटेल.

तुईरे