टेम्पोच्या मागचा फ्लेक्स

पुणे,
१६ सप्टेंबर २०२४

चि. कैवल्य यास अ. उ. आ.

फोनवर तू, ताई जाऊ दे ना, म्हणून मोकळा होतोस. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून पत्र. उत्तरही कागदावरच हवं.

तुळजापूरहून येरमाळ्याला नवरात्राची ज्योत पळवत आणताना यंदा उम्मेहानीच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवताय, हे चांगलं आहे. अक्रमची भाची आपल्याच अंगणात वाढली. पण तू पाठवलेल्या फोटोत अक्रमच्या टेम्पोची मागची बाजू दिसते. देणगीदारांचा फ्लेक्स बंपरपर्यंत आला आहे आणि दोन्ही लाल दिवे त्याखाली गेले आहेत. गाड्यांचे दिवे तपासणं हे माझं काम आहे. म्हणून हे मत समजू नकोस. टेम्पो पळणाऱ्यांच्या चालीने जाणार, मागून ट्रक येणार, आणि अंधारात त्यांना तो दिसणार नाही. फ्लेक्स खालून वीतभर कापा.

आईला गुडघ्याचं तेल आणून दे. लोभ आहे, तो टिकेल असं वाग.

श्रिया


येरमाळा,
२१ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी आईनं वाचलं, मग शेजारून आलेल्या मुनवरचाचांनी, उरलंसुरलं मला मिळालं. अक्रम म्हणतो, तुझी ताई पत्र लिहिते का गाडी पासिंगला लावते?

कात्री घेऊन गेलो, तर खालच्या कोपऱ्यात महांतप्पा अण्णांचा फोटो, ते खताच्या दुकानाचे. ऑपरेशनचा निम्मा खर्च त्यांचाच. म्हणाले, पोरांनो, माझी मान कापा, पण फोटो न्हाय. हसून म्हणाले, पण चेक अजून त्यांच्याच खिशात आहे. फ्लेक्स वर घ्यावा तर तिथं स्पीकर.

तू उगी भिऊ नको. दमलेल्याच्या हातातली ज्योत दुसरा पळता पळताच घेतो. वेशीत येईपर्यंत ती थांबत नाही. थांबल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. आणि ऐक, यंदा येडशीच्या घाटातली ज्योत माझ्या हातात! तीन वर्षं मागत होतो.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा कैवल्य


पुणे,
२५ सप्टेंबर

चि. कैवल्य यास अ. उ. आ.

अण्णांच्या फोटोचं समजलं. मग टेम्पोच्या मागे वेगळा उजेड ठेवा, ट्रकवाल्याला लांबून दिसेल असा. घाटात वळणं आहेत. तो ठेवणार नसाल तर तू जाऊ नकोस. ही विनंती नाही.

श्रिया


येरमाळा,
२८ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस. मागं उजेड ठेवायचा ठरला. दिवा बांधला तर अण्णांच्या तोंडावर येतोय, म्हणून माणूसच ठेवायचा. पण ज्योत सोडून मागं कोण राहणार? लई वाद झाला. शेवटी मीच म्हणालो, हट्ट माझ्या ताईचा, मी राहतो. घाटातली ज्योत शंतनूला दिली. घाट संपेपर्यंत मी हातात बॅटरी घेऊन टेम्पोच्या मागं पळणार.

अण्णांनी सगळ्यांना टी-शर्ट दिलेत. काळे कुळकुळीत, छातीवर देवी. लई झकास दिसतोय मी, आई म्हणाली.

दोन तारखेला संध्याकाळी तुळजापूरहून निघू, घटस्थापनेला उजाडता घरी. आता तरी झोप नीट घे. माझ्यावरचा लोभ ह्या पळण्यानं वाढावा.

तुझा कैवल्य


पुणे, बसस्थानक,
३ ऑक्टोबर

चि. कैवल्य यास अ. उ. आ.

तुझं पत्र परवा आलं होतं. मी गाड्यांच्या चाचणीसाठी गावाबाहेर होते. आज सकाळी हॉस्टेलवर परतले तेव्हा उघडलं.

तुझा फोन बंद आहे. बंद असणारच, पळताना सगळ्यांचे फोन टेम्पोतल्या पिशवीत असतात. अक्रम उचलत नाही. आईने उचलला. म्हणाली, बायका उजाडल्यापासून आरतीची ताटं घेऊन वेशीत उभ्या आहेत. मुनवरचाचा मोटरसायकलवर येडशीकडे गेले आहेत. एका जीपवाल्याने सांगितलं, ज्योत घाटात थांबली आहे. का, ते तो सांगेना.

मी उजेड ठेवायला सांगितलं होतं. माणूस नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. घेऊन येते. माझ्यासमोर वाच, आणि उत्तर कागदावरच दे.

असतील नसतील तेवढे आशीर्वाद.

ताई