कृष्णराज यास माझा वारस धरू नये

लिहून ठेवणार मी, जगदेवी भ्र. शरणप्पा बिराजदार, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, रा. नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे, कुणाच्या धाकात नाही, आणि सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. पती वारले, पोटी मूल नाही. माझ्यामागं तमाशा नको म्हणून हे मृत्युपत्र करते.

कलम १. कृष्णराज कोण, हे आधी लिहिणं भाग आहे, कारण उद्या तो मुलगा म्हणून हक्क सांगेल. शेजारच्या मुक्ताबाईंची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा हा झाला, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं की पोर सुपात घालून विका, म्हणजे काळाची नजर चुकते. मुक्ताबाईंनी सूप माझ्या उंबऱ्यावर ठेवलं, मी त्यांच्या पदरात ज्वारी ओतली आणि लेकरू उचललं. रीत म्हणून असं सगळ्याच करतात आणि विसरून जातात. मी मूर्ख, मी विसरले नाही. त्यांना तो आई म्हणायचा आणि मला अव्वा, म्हणजे कानडीत आईच.

त्याला फक्त आम्ही दोघींनीच वाढवलेलं नाही. उनाडक्या केल्या की कान पिळायचा हक्क अख्ख्या गल्लीला होता. सायकल धाब्यावाल्या शिवशंकरनं शिकवली. कोर्टात कारकून असलेल्या आबारावांनी आपल्या घरातली बुद्धवंदनेची खोली त्याला अभ्यासाला दिली, इंग्रजी पाठ करून घेतलं. वेळ अमावस्येला, शेताच्या पूजेदिवशी, तो कुणाच्याही शेतात भज्जी-आंबिल जेवायला बसायचा, कुणी परकं मानलं नाही. शाळेचे कपडे मी शिवायची, तेही वाढत्या अंगाचे. तो मोठा साहेब झाला तेव्हा गल्लीनं पेढे वाटले. व्हय, सगळ्यांनाच वाटलं की आपलं पोर साहेब झालं.

कलम २. मागच्या वर्षी सोलापुरात त्याच्या बंगल्याची वास्तुशांती झाली. मी इरकल नेसून गेले. त्याच्या सासूबाईंनी विचारलं, ह्या कोण? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ह्या मावशी. गावाकडं आमचे कपडे शिवायच्या."

खोटं बोलला असता तर मी भांडले असते. कपडे मी शिवतच होते. खरं बोलूनच त्यानं मला दाराबाहेर काढलं. मुक्ताबाई तिथंच खुर्चीवर बसल्या होत्या. त्या खाली बघत राहिल्या. पोराचं एक वेळ समजू शकते, बायको-सासरची लाज असते. पण ज्यांच्या पदरात मी ज्वारी ओतली त्यांना वाचा फुटू नये, हे मला फार लागलं. जेवणाचं ताट तसंच ठेवून मी एसटी धरली.

नंतर हायवे रुंद झाला आणि माझं घर ऐन रस्त्यावर आलं. तेव्हा साहेब गाडी घेऊन आले. म्हणाले, "अव्वा, मी तुझाच की. घर माझ्या नावावर करून टाक." गरज सरो वैद्य मरो ऐकलं होतं, इथं गरज लागली आणि अव्वा जिवंत झाली. मी चहा दिला आणि घर दिलं नाही.

कलम ३. माझं राहतं घर, दोन्ही मशीन आणि कात्र्या हर्षालीला द्याव्यात. ती माझ्याकडं शिवणकाम शिकली, आता माझ्यापेक्षा सफाईदार ब्लाउज शिवते. पुढची खोली गल्लीतल्या पोरांना अभ्यासाला मोकळी ठेवावी. त्यांनी मोठं होऊन आपल्याला ओळखावं, अशी आशा मात्र हर्षालीनं ठेवू नये.

कलम ४. शेजारी वैजनाथ यांनी माझ्या भिंतीला चिकटून मोरी काढली आहे. ती बुजवेपर्यंत हर्षालीनं त्यांचा एकही पायजमा शिवू नये.

कलम ५. आमच्यात मयताला माती देतात. माझ्यावर पहिली मूठ गल्लीनं टाकावी. कृष्णराज आला तर त्याला अडवू नये, पण मुलगा म्हणून पुढं करू नये. त्यानं गर्दीत उभं राहावं.

इथवर आबारावांनी लिहून घेतलं आणि सोलापूरहून मुक्ताबाई दारात आल्या. पोरानं हे थांबवायला पाठवलं असणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "अक्का, साक्षीदार म्हणून माझा अंगठा घ्या. तवा बोलले न्हाय, ते काळीज खातंय." मी सांगितलं की पोराला कळलं तर तो तुम्हाला बंगल्यात ठेवणार नाही. ठाऊक आहे म्हणून त्यांनी मान हलवली. राग होताच, तरी त्यांना मरेपर्यंत माझ्या घरात राहता यावं असं कलम मी घालायला सांगितलं. त्यावर आबाराव म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याचीच साक्ष घेतली तर पुढं वकील वाद काढतील. एक तर घर लिहा, नाही तर अंगठा घ्या.

"मग घर नगं," मुक्ताबाई म्हणाल्या. "अंगठा घ्या."

मी त्यांना माफ केलेलं नाही, हे इथं नोंदवते. त्यांच्या राहण्याचं सहावं कलम खोडलं आहे, ते माझ्या संमतीनं.

हे वाचून घेतलं, समजलं आणि सही केली.

लिहून ठेवणार : जगदेवी शरणप्पा बिराजदार (सही)

साक्षीदार :
१. आबाराव कोंडिबा गायकवाड, निवृत्त कारकून (सही)
२. मुक्ताबाई भ्र. हिंमतराव पाटील, कृष्णराजची जन्मदाती आई (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : नळदुर्ग
दिनांक : २२ डिसेंबर २०२५