चादरीचं दुसरं टोक

सोमवार, ६ मार्च
सोडून दिलं टोक. मुद्दाम. चादर फरशीवर पडली, पुन्हा धुवायला गेली. ताई हसली — "हातांना तेल लावून आलीस की काय गं!"

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं. दिवसभर. माझ्या समोर ताई. जवळ आली की विचारते. "आज भाजी कुठली?" मागे. पुन्हा जवळ — "झोप लागली नीट?" पुन्हा — "एकटी असतेस, संध्याकाळी करतेस तरी काय?" मी "हं" म्हणते. फार तर "बरंय".
आज तेही नको वाटलं.

बुधवार, ८ मार्च
मुकादमाला सांगितलं. "जोडी बदला. ताई फार बोलतात, काम मागे पडतं." दुसरं वाक्य खोटं. काम कधीच मागे पडलं नव्हतं.
तो म्हणाला, "त्यांच्या तोंडाला कुलूप नाहीच!" हसला. मीही हसले.

शुक्रवार, १० मार्च
ताईला मळक्या बाजूला टाकलं! मी जोडी बदला म्हटलं होतं. तेवढंच.
मळकी बाजू म्हणजे भिंतीपलीकडची खोली. रक्ताच्या, उलटीच्या चादरी आधी तिथे येतात. यंत्रं अशी धडधडतात की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही.
जाताना ती मुकादमाला म्हणाली, "कुणीतरी कान भरलेत तुमचे." मग माझ्याकडे वळून — "तुझ्या जोडीला आलेली नवी बाई जरा कडक दिसते हं. सांभाळून."
मला सांभाळून म्हणाली.

सोमवार, १३ मार्च
नव्या बाईनं दिवसभर तोंड उघडलं नाही. हेच तर हवं होतं.

मंगळवार, १४ मार्च
आज जवळ आल्यावर मीच विचारलं, "चहा झाला?"
"हं," नवी बाई म्हणाली.

गुरुवार, १६ मार्च
जेवणाच्या सुट्टीत शिवणवाल्या बाईंजवळ बसले. त्या फाटक्या चादरी शिवतात. त्यांना सगळं ठाऊक असतं.
"ताईच्या नवऱ्याला झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. ऐकू मात्र सगळं येतं. संध्याकाळी ही खाटेशी बसते आणि दिवसभराचं सांगते त्याला. तेवढीच त्याची करमणूक. आता मळक्या बाजूचं काय सांगणार, कपाळ? कुठल्या चादरीला कसला डाग होता ते?"
मी डबा बंद केला.

रविवार, १९ मार्च
ताईच्या घरी गेले. फळं नेली. दार उघडताच ती आत ओरडली, "अहो, बघा कोण आलंय!"
तिचे यजमान खाटेवर उशांना टेकून बसले होते. मला पाहून चेहरा उजळला. अर्धाच हलतो, पण उजळला. डाव्या हातानं त्यांनी हवेत काही कुरवाळल्यासारखं केलं.
"मांजर कसं आहे, विचारतायत," ताई म्हणाली.
माझ्याकडे मांजर नाही.
ताई माझ्याकडे बघेना. फळं पुसत राहिली. आणखी खुणा झाल्या, ताई अर्थ सांगत गेली. मी गच्चीत झाडं लावली आहेत. शेजारणीशी भांडून मी तिला गप्प केलं. काम करताना मी शीळ घालते. सगळं त्यांना माहीत! मी "हं" म्हणत होते, आणि ही रोज घरी जाऊन माझं काहीबाही रचत होती. माझ्याहून बरी बाई रचली होती तिनं.
"मांजर मजेत," मी म्हटलं. "काल दुधाचं भांडं पालथं घातलं."
ते हसले. आवाज नाही, नुसती खाट हलली.

ताई जिन्यापर्यंत आली. "रागावू नकोस गं. तू काही सांगायची नाहीस, आणि यांना रोज तुझंच हवं." मग हळूच — "मुकादमाला सांग ना. परत जोडीला घे मला. तिकडे जीव गुदमरतो. तुझं ऐकतो तो."
"सांगते," म्हटलं.
ऐकेलच तो. माझंच तर ऐकलं होतं.

सोमवार, २० मार्च
मुकादमाला सांगितलं — काम मागे पडत नव्हतं, मी खोटं बोलले. तो म्हणाला, "बरं. उद्यापासून देतो परत. पण तक्रार कुणाची ते त्यांना सांगू नका. झाकली मूठ राहू द्या. सुखानं राहाल दोघी."
खरं आहे. कुणाला कळणार नाही. ती समोर उभी राहील, जवळ येईल, विचारेल. मी सांगेन. सगळं सांगेन — एवढं एक सोडून.
मग ती मूठ धरून मी टोक कसं धरू?

मंगळवार, २१ मार्च
सकाळी मळक्या बाजूला गेले. यंत्र थांबलेलं होतं, तेवढ्यात सांगितलं. तक्रार मीच केली होती. ताईनं यंत्राचं झाकण लावलं, बटण दाबलं.
दुपारी मुकादम आला. म्हणाला, "जोडीला यायला त्या नको म्हणतात. इथंच बरं आहे म्हणाल्या."