सातव्या पुलानंतरची सात मिनिटं

कामाता, तोक्यो
१९ सप्टेंबर २०१२

ती. दाजी यांस,

नोबोरूचा कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे. वाकलो तो अजून पुरता सरळ झालेलो नाही, त्यामुळे या खेपेचा नमस्कार नेहमीपेक्षा लांबला आहे असं समजावं.) इमाबारीला वादळ येता येता वळलं असं बातम्यांत ऐकलं. कौलं जागेवर आहेत ना? तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? ताईने पाठवलेले टॉवेल पोचले. दर उन्हाळ्यात ती डझनभर टॉवेल पाठवते, आणि तुम्ही टॉवेलच्या गिरणीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोकं काही थांबत नाही. मी एकटा माणूस, मला अंग एकच. पण तिला हे सांगू नका, "मऊ आहेत" एवढंच सांगा. या आठवड्यात ती आईबाबांच्या थडग्यावर जाईल तेव्हा माझ्याही वाटणीची फुलं वाहायला सांगा. मला यायला जमणार नाही, आणि का जमणार नाही तेच लिहायला बसलो आहे.

दाजी, मी काय काम करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. (ताई शेजाऱ्यांना "नोबोरू कॉम्प्युटरचं काहीतरी करतो" असं सांगते, आणि त्यातला "काहीतरी" हा शब्द दाबून उच्चारते. सव्वीस वर्षांपूर्वी मी ही नोकरी धरली तेव्हा "पोरांच्या खेळण्यांत आयुष्य घालव" असं म्हणून तिने दोन महिने अबोला धरला होता.) घरच्या टीव्हीला यंत्र जोडून खेळायचा आमचा 'सात पुलांचा देश', त्याचे दहा भाग झाले. नायक गाव सोडतो, एकेक पूल ओलांडतो, सातव्या पुलापलीकडे राक्षसराजाला हरवतो आणि परत येतो. त्यात तलवारी, जादू, लढाया सगळं असतं, पण ते इतर लोक बघतात. माझ्याकडे दोन खाती. वाटेत भेटणारे गावकरी काय बोलतात ते लिहायचं, आणि शेवट लिहायचा. दहा भागांत मिळून चार हजारांवर गावकऱ्यांच्या तोंडी मी शब्द घातले आहेत. एका कोंबडीवाल्याची तर मी तीन भागांत तीन लग्नं लावली, आणि कोणीही तक्रार केली नाही.

अकरावा भाग अर्धाअधिक झाला होता. ऑगस्टच्या अखेरीस माझ्या टेबलावर एक कागद आला. कागद फिरवायची आमची रीत तुमच्या गिरणीसारखीच, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी आपापला शिक्का मारायचा. फरक एवढाच की तुमच्याकडे शिक्के सरळ मारत. आमच्याकडे आपला शिक्का वरच्या माणसाच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारतात, म्हणजे तो त्याला वाकून नमस्कार करतो आहे असं दिसतं. (हे कोणी सुरू केलं ठाऊक नाही, पण सापडला तर मी त्याच्या घरी जाऊन सरळ उभा राहणार आहे.) आता झालं काय, माझ्या वरचे विभागप्रमुख निशिवाकी. ते सुट्टीवर निघायचे होते म्हणून त्यांनी आधीच शिक्का मारून ठेवलेला, आणि संचालक ओनोदेरा साहेबांच्या चौकटीकडे तो इतका वाकलेला की जवळजवळ आडवाच पडला होता. त्यांच्याहून मी कमी वाकलो तर उद्धट ठरणार. जास्त वाकायचं तर माझा शिक्का पुरता लोळण घेणार. मी रद्दी कागदावर अर्धा तास सराव केला. शेवटी श्वास रोखून जो शिक्का मारला, तो इतका सुरेख उतरला की शेजारच्या टेबलावरच्या हिसामात्सु बाईंना बोलावून दाखवला. त्याही म्हणाल्या, "वा, इसोगाई, काय विनय आहे!" मग कागद पुढे सरकवला आणि जेवायला गेलो.

कागद वाचायचा राहिला.

दोन आठवड्यांनी सकाळी कामावर गेलो तर माझ्या गावकऱ्यांच्या संवादांची फडताळं रिकामी करून त्यात फोन ठेवलेले. अकरावा भाग टीव्हीवर येणारच नव्हता, मोबाइलवर येणार होता. शिवाय प्रवास नाही. आगगाडीतून उतरेपर्यंत बोटाने टकटक करायचं आणि फोन खिशात टाकायचा. गावं नाहीत, म्हणून गावकरी नाहीत. सोबती वाटेत भेटत नाहीत, सोडतीत निघतात. आणि दाजी, तो राक्षसराजा! दहा भाग खपून मी ज्याचा दरारा उभा केला, ज्याने तिसऱ्या भागात अख्खं बंदर बुडवलं, तो उन्हाळ्याच्या सोडतीत बक्षीस म्हणून निघणार होता. सुती किमोनो नेसून, हातात बर्फाचा गोळा घेऊन! त्याचं चित्रही तयार होतं. गोळा द्राक्षासारखा जांभळा होता. मी चित्राकडे पाहिलं आणि खुर्चीत बसलो, तेव्हाच ही कंबर धरली.

आणि शेवट? नव्या योजनेत शेवटच नव्हता. सल्ला द्यायला कंपनीने हियामा नावाचा एक गृहस्थ नेमला आहे. वय तीस, बूट टोकदार, बोलताना सतत हसतो. त्याने मला प्रेमाने समजावलं, "इसोगाईसान, शेवट झाला की गिऱ्हाईक उठून जातं. मग आपण शेवट करायचाच कशाला?" सव्वीस वर्षं मी जे करून पोट भरलं ते म्हणजे गिऱ्हाइकांना घरी पाठवणं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तडक ओनोदेरा साहेबांकडे गेलो. एके काळी पहिल्या भागाचे नकाशे याच माणसाने हाताने काढले होते, म्हणून थोडी आशा होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तो कागद पुढे केला.

"हा शिक्का कोणाचा?"

"माझा."

"बघा, किती वाकून मंजुरी दिली आहे तुम्ही. माझ्या पाहण्यात एवढ्या मनापासून कोणी संमती दिली नव्हती."

"साहेब, मी तो वाचला नव्हता."

"मीही नव्हता वाचला," साहेब म्हणाले आणि खिडकीकडे पाहू लागले. (पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की अकरा शिक्क्यांपैकी एकानेही कागद वाचलेला नव्हता. हियामाने तो लिहिला, पण तो बाहेरचा माणूस, त्याला शिक्काच नाही.) मग मागे घ्या म्हटलं, तर म्हणे मागे घ्यायला नवा कागद फिरवावा लागतो आणि त्याचं कारण लिहावं लागतं, "आम्ही वाचत नाही" असं तर लिहिता येणार नाही.

तेवढ्यात हियामा आलेख घेऊन आला. हल्ली यंत्रं इंटरनेटला जोडलेली असतात, कोण कुठवर खेळला ते सगळं कंपनीला दिसतं. दहावा भाग शंभर जणांनी घेतला असं धरलं तर त्यातले पन्नास तिसऱ्या पुलाआधीच थकले. शेवटपर्यंत पोचले सहा. "सहा माणसांसाठी सात मिनिटांचा शेवट," हियामा हसून म्हणाला. दाजी, मी आयुष्यात कामावर आवाज चढवलेला नाही, पण त्या क्षणी चढवला. म्हटलं, त्या सहांतला एक माझ्या घरातला आहे, निवृत्त माणूस आहे, गुडघा दुखत असताना त्याने तो खेळ संपवला, आणि दर नववर्षाच्या कार्डावर मला शेवटाबद्दल लिहितो!

ओनोदेरा साहेबांनी आलेख उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, दुपारी तीन वाजता मी त्यांना स्वतः फोन करतो. शेवटी काय होतं ते त्यांनी सांगावं, आणि एवढे तास का थांबले तेही सांगावं. मला पटलं तर नवा कागद मी लिहीन. अकरावा भाग टीव्हीवर, शेवटासकट. नाही पटलं तर..." त्यांनी बर्फाच्या गोळ्याच्या चित्राकडे बोट दाखवलं. मी तुमचा फोन नंबर लिहून दिला. तर अठ्ठावीस तारखेला फोन येईल. माझा शेवट तुमच्या घरच्या फोनवर अवलंबून आहे, त्याची जाणीव असू द्यावी. फार जड शब्द वापरू नयेत, मनापासून बोलावं.

गुडघ्याला जपा. माझ्या कमरेचं मी बघतो. पत्रात कुठे जास्तउणं लिहिलं गेलं असेल तर ते वैतागाच्या खात्यावर टाकून मला माफ करावं.

तुमचा मेहुणा,
नोबोरू इसोगाई

ता. क. साहेबांशी बोलताना नावाड्याचा उल्लेख कृपा करून टाळावा. तीन वर्षं तुम्ही कार्डावर लिहिता की नावाड्याने घेतलेला निरोप वाचून डोळे पाणावले. दाजी, शेवटी नावाडी नाही. तो मी शेवटच्या आठवड्यात काढून टाकला होता. तोवर खेळाचं मार्गदर्शक पुस्तक छापायला गेलं होतं, म्हणून तो फक्त त्या पुस्तकात शेवटच्या पानावर उरला आहे. मी रागावलेलो नाही. पुस्तक तरी विकत घेऊन वाचलंत, तेवढं हल्ली कोण करतं?

पुन्हा ता. क. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला आलो होतो तेव्हा तुम्ही जेवून आडवे झाल्यावर मी सहज तुमचं यंत्र लावून पाहिलं. तुमचा दहाव्या भागाचा खेळ चौदा तासांवर, दुसऱ्या गावात थांबलेला आहे. पुढचे चाळीस-पंचेचाळीस तास नऊ दिवसांत गुडघ्यासकट उरकणं तुम्हाला जमायचं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. साहेबांपुढे आवाज चढवला तेव्हा मला हे ठाऊक होतं. तरी तुमचं नाव का सांगितलं, ते पुढे लिहितो.

आणखी एक. त्याच यंत्रावर त्याच भागाचा दुसरा एक खेळ जपून ठेवलेला आहे. एकसष्ट तासांचा, पुरा. खेळणाऱ्याचं नाव फुमिए. हो, आपली ताईच. प्रत्येक नोंद दुपारी एक ते तीनमधली, म्हणजे तुम्ही झोपता तेव्हाची. त्या दिवशी नाशपाती कापता कापता ताईने मला विचारलं होतं, "अरे, ती विहिरीवरची बाई शेवटी दिसली नाही. बरी आहे ना ती?" मला वाटलं शेजारपाजारच्या कोणाबद्दल विचारते आहे. "असेल की बरी," म्हणालो आणि फोड तोंडात टाकली. यंत्र त्यानंतर लावलं. दाजी, दुसऱ्या गावात विहिरीवर एक बाई आहे. जाताना ती नायकाला "जेवलास का, वर काही पांघर, लवकर ये" एवढंच म्हणते. ती वाक्यं आमच्या आईची आहेत, जशीच्या तशी. शेवटच्या सात मिनिटांत नायक सातही पूल ओलांडून परत येतो, सगळी गावं रस्त्यावर उभी असतात, आणि विहिरीवर कोणी नसतं. हे कोणाच्या लक्षात यावं अशी माझी अपेक्षाच नव्हती. आलेखात ते दिसत नाही. अजून मी तिला नीट उत्तर दिलेलं नाही, आणि मला देताही येत नाही.

तेव्हा खरी विनंती एवढीच. ताईला आधी काही सांगू नका, ती साफ कानांवर हात ठेवील. पण कोणी परक्या माणसाने समोरून विचारलं तर तिला खोटं बोलता येत नाही, आणि फोन जो उचलेल त्यालाच विचारा असं मी साहेबांना सांगून ठेवतो. शुक्रवारी तीन वाजता तुम्ही कृपा करून घरात असू नका.