कोर्टातला तिसरा पुकारा

धारवाड, मंगळवार, संध्याकाळ

अप्पा, फार दिवसांनी लिहितेय. आई गेली तेव्हा तुम्हांला शेवटचं लिहिलं होतं, त्यानंतर या वहीत केसच्या तारखा तेवढ्या उतरवत राहिले. माफ करा. तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी काळा कोट चढवलेला तुम्ही एकदाही पाहिला नाहीत, म्हणून कोर्टातलं तुम्हांला सांगताना मला नेहमी थोडा संकोच वाटतो, जणू तुमच्याच घरात येऊन तुम्हांलाच खोल्या दाखवाव्यात. पण आज हुबळीच्या कोर्टात, बाहेरच्या व्हरांड्यात जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. कोर्टाच्या दाराशी उभं राहून तुम्ही आयुष्यभर लोकांची नावं पुकारलीत. पुकारा म्हणजे काय ते तुम्हांला कळतं.

तुम्हांला सगळे दलायत म्हणत. इकडे पट्टेवाल्याला दलायतच म्हणतात, आणि शाळेत मी ते सांगायला लाजत असे. तुमची पद्धत मला पाठ आहे. पहिला पुकारा व्हरांड्याच्या दिशेनं, दुसरा जिन्याच्या दिशेनं, आणि तिसऱ्याच्या आधी तुम्ही स्वतः खाली उतरून चहाच्या गाड्यापर्यंत जाऊन यायचात, कारण अळणावर-कलघटगीकडून पहिल्या बसनं आलेला माणूस तिथंच असतो आणि तिसऱ्याला आला नाही तर त्याच्यावर वॉरंट निघतं. तो उन्हाळाही आठवतो. मी दहा वर्षांची, तुमचा डबा घेऊन आलेली. तुम्ही एका पुरुषाचं नाव पुकारता आणि बाकावरून लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली एक व्यक्ती उठते. सगळा व्हरांडा हसतो. मीही हसते. घरी येऊन मी आईला त्याची नक्कल करून दाखवली, तुमचा आवाज आणि तिचं चालणं, दोन्ही. तुम्ही जेवत होता. म्हणालात, "कागदावर असतं ते मी ओरडतो, त्यात माझा इलाज नाही. तुला कुणी हुकूम दिला होता?" आणि आईकडे आणखी ताक मागितलंत.

आता माझ्या अशिलाविषयी. ती कलघटगीच्या बाजूची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. जन्माला मुलगा म्हणून आली, सतराव्या वर्षी घर सोडलं. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या करते आणि चार खानावळींना पुरवते. एच.आय.व्ही. आहे, पण सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या ती इतकी नेमानं घेते की रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडत नाही. घरमालकाला खोली रिकामी हवी होती. तो तिचा तवा उचलून रस्त्यात टाकायला निघाला, ती आडवी आली, ओढाताणीत तिचं नख लागून त्याच्या मनगटाला ओरखडा आला. गल्लीतलं कुणीतरी ओरडलं, "अरे, हिला तो रोग आहे!" मारहाणीचं साधं प्रकरण होतं. ठाण्यात त्याला आणखी एक कलम चिकटलं : जिवावर बेतणारा रोग दुष्टपणानं पसरवणं. तुमच्या वेळचं दोनशे सत्तर. नव्या संहितेत ते दोनशे बहात्तर झालंय, मजकूर तोच. ती मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, "अक्का, रक्त त्याचं निघालं, माझं नाही. मग माझा रोग गेला कुठून? नखातून?" फिर्यादीत तिचं जुनं, पुरुषाचं नाव घातलं होतं, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ओळखपत्र ती दाखवत असतानाही. त्या नावामुळे जामीन होईपर्यंत दीड दिवस ती पुरुषांच्या कोठडीत होती, गोळ्यांशिवाय.

हे कलम किती लांब पोचतं ते मला तिच्यामुळे कळलं. तिच्या दोन मैत्रिणींनी रक्त तपासायला जाणंच सोडलंय. माहीतच नसेल तर जाणूनबुजून पसरवला असं कोण म्हणेल, असा त्यांचा हिशेब. वकील म्हणून मला तो खोडता येत नाही, आणि ते मला अजून खुपतंय.

मी काय केलं ते सांगते. अशा रुग्णाची ओळख कोर्टात झाकता येते, तसा कायदा आहे. मी अर्ज टाकला की आरोपीचं नाव कुठंही न घेता टोपणनावानं प्रकरण चालवावं. खानावळवाल्यांना कळलं तर तिच्या भाकऱ्या कोण घेईल, हा माझा मुद्दा, आणि तो खरा आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लगेच मंजूर केला. मी स्वतःवर खूश होते. टोपणनाव म्हणून मी 'एक्स' लिहिलं होतं.

आज तो पुकारा झाला. हल्लीचा दलायत तरुण आहे, आवाज चांगला आहे. "एक्स! एक्स हाजर?" व्हरांड्यातली पन्नास माणसं एकदम वळली. तिच्या जुन्या नावाला जितकी वळली नसती तितकी. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "परदेशी पार्टी आहे काय हो?" ती हिरवी साडी नेसून कडेच्या बाकावर बसली होती. उठली नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. दुसरा पुकारा झाला. ती माझ्याकडे बघत होती आणि बसून होती. आतून बेंच क्लार्क धावत आला. "मॅडम, कुठाय तुमचा एक्स? साहेबांनी पेन उचललंय, वॉरंट लिहितील!"

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "उठ," मी म्हणाले, "हे तुझ्याच भल्यासाठी आहे."

"ते माझं नाव नाही." ती कन्नडमध्येच बोलत होती, हळू, मान न वळवता. "ठाण्यात त्यांनी जुनं नाव घातलं. तुम्ही तर काहीच ठेवलं नाही."

"तुझं नाव घेतलं की त्याच्याबरोबर कलम येतं, आणि कलम आलं की रोग सगळ्यांना कळतो. दोन्ही वेगळं करता येत नाही गं."

"मग कलम काढा की."

इतकंच. अप्पा, तीन महिने मी तिला झाकण्याची खटपट करत होते आणि जे खोटं आहे त्यालाच हात लावला नव्हता. नखाच्या ओरखड्यानं हा रोग पसरत नाही. तसं दवाखान्यातल्या डॉक्टर लिहून द्यायला तयार होत्या, मीच "बघू पुढं" म्हणाले होते. कारण तिच्यावरचं ते कलम रद्द करून घ्यायचं तर धारवाडच्या हायकोर्टात जायला हवं, आणि तिथं उभं राहायची मला भीती वाटते. मी खालच्या कोर्टातली वकील, दलायताची मुलगी, असं मी मनातल्या मनात म्हणत असते, विनयानं म्हणतेय असं समजून.

"काढायचा अर्ज करते," मी म्हणाले. "हायकोर्टात. या आठवड्यात."

"खरं?"

"खरं. पण आत्ता वॉरंट निघालं तर पुन्हा ती कोठडी."

तिनं पदर सारखा केला. "आजच्यापुरती उठते. त्या पोराचा घसा सुकेल म्हणून." तेवढ्यात तिसरा पुकारा झाला, आणि ती व्हरांड्याच्या मधोमध चालत, पन्नास माणसांच्या समोरून, अशी आत गेली की तो म्हातारा पाय आवरून घेऊन जरा सरळ बसला. कुणी हसलं नाही. पुढची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वरच्या कोर्टातही झाकायचं असेल तर झाका, अक्का. नाहीतर नका झाकू. पण मला विचारा."

दुपारपासून मसुदा लिहीत बसलेय. चांगला झालाय. हे कलम टिकणार नाही, असं मी पहिल्यांदा मनापासून म्हणू शकते. इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं आज हाताशी आलं. अर्जदाराच्या नावाची जागा कोरी ठेवलीय. तिचं नाव घातलं तर ते हायकोर्टाच्या यादीत, सगळ्यांना दिसेल असं छापून येईल, आणि खानावळी सुटतील कदाचित. टोपणनाव घातलं तर ते कुठलं, हेही तिनंच सांगायचं. माझा कल कुठं आहे ते मी तिला कळू देणार नाही, असं ठरवलंय. जमेल का, माहीत नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. त्या टोपणनावाच्या अर्जात पहिलंच वाक्य मी असं लिहिलं होतं : 'अशिलाच्या सांगण्यावरून'. तिनं सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं. माझ्या हाताला सवयीनं ते वाक्य आलं, आणि मी खाली सही केली.

उद्या, सकाळी नऊ वाजता : मसुदा तिला कन्नडमधून पूर्ण वाचून दाखवणे.