राजाची अडीच घरं

बाबा, तुम्ही बुद्धिबळ बरं खेळत नव्हता. हे आज लिहून टाकते, कारण तुम्ही होता तोवर असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आता तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी कुरखेड्यात एखादा म्हातारा भेटतो आणि म्हणतो, "तुया बाप म्हणजे काय खेळत होता वं बाई, तालुक्यात जोड नोयती त्याले." मी मान डोलावते. मनात म्हणते, काका, तुम्हाला काय कळतं आणि माझ्या बापाला तरी काय कळत होतं.

मला कळतं असं नाही. मी मोबाईलवर खेळते. मुलचेऱ्याच्या दवाखान्यात जेवणाची सुट्टी झाली की डबा एका हाताला आणि मोबाईल दुसऱ्या हाताला. समोर कोण बसलंय ते दिसत नाही, नुसतं एक टोपणनाव असतं आणि देशाचा झेंडा. जिंकलं की अंक वाढतात, हरलं की उतरतात. तीन वर्षांपूर्वी माझे साडेपाचशे होते, आज अकराशे चाळीस आहेत. तुम्ही असता तर हे आपल्या धानाच्या गिरणीभर सांगितलं असतं, म्हणून आधीच सांगते की शहरातल्या शिकवणीला जाणाऱ्या दहा वर्षांच्या पोट्ट्याचेसुद्धा याहून जास्त असतात. आमच्या वॉर्डातली मावशी मला रोज टोकते, "सिस्टरबाई, मोबाईलमंदी घोडे चारून राह्यल्या काय? चार घास तं खा." मी खात नाही. भाजी थंड होते आणि माझा वजीर मरतो.

पहिल्या आठवड्यात तर मला वाटलं, सगळी दुनिया लबाड आहे. समोरच्यानं पहिल्याच खेळीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मी चिडले. तुमच्या गिरणीवर प्यादं एकच घर चालायचं, पहिल्या खेळीलाही एकच. मग एकानं किल्लेकोट केला, राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला कोपऱ्यात नेऊन बसवलं, आणि मी रागारागानं कंपनीला तक्रार लिहिली. उत्तरात त्यांनी नियमांचं पान पाठवलं. तुम्ही शिकवलेलं त्यात अर्धंच होतं. तुमच्या राजाला डावात एकदा, शह मिळाला नसेल तर, घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. त्या पानावर राजाला उडी नव्हती. कुठेच नाही. तरी माझं बोट आजही तिकडेच जातं. राजा मधोमध उघडा ठेवायचा, वेळ आली की उडी आहेच, ही तुमची सवय माझ्या हाडात बसली आहे. उडी मारायला जाते, मोबाईल नुसता थरथरतो, आणि दोन खेळीत मात होते. डाव संपला की यंत्र सगळ्या खेळी तपासून चुका सांगतं. राजाची काळजी घेत नाही. वजीर फार लवकर बाहेर काढते. फुकटचं प्यादं दिसलं की मागचापुढचा विचार न करता मारते. बाबा, हे माझं वर्णन नाही. हे तुमचं आहे, ओळन् ओळ.

तर मग मी तुमचा डाव त्या यंत्राला घातला. तोच, फॉरेस्टच्या रेंजर साहेबांना हरवलेला. धान भरडायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही तो सांगायचा. पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून, अंगावर कोंडा, मांडीवर रंगवलेला पाट, आणि सगळ्या खेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकीच्या पोरींना आरत्या पाठ असायच्या, मला हा डाव पाठ होता. त्यात कोणाचा राजा उडाला नव्हता म्हणून यंत्रानं तो बिनतक्रार घेतला. तेविसाव्या खेळीवर त्यानं दोन लाल प्रश्नचिन्हं टाकली. तिथे तुम्ही हत्तीनं प्यादं मारता आणि थांबून लोकांकडे बघता, लोक वाहवा करतात. त्याच क्षणी रेंजर साहेब दोन खेळीत तुम्हाला मात करू शकत होते. त्यांना दिसलं नाही. तुम्हालाही दिसलं नाही. पुढे अशी आणखी चार चिन्हं आली, तीन तुमची, एक त्यांची. शेवटची चूक तुमची नव्हती, दुसऱ्या अडाण्याची होती, एवढाच तुमचा पराक्रम. मी एकटी बसून हसले. फार दिवसांनी इतकी हसले.

पण हसता हसता त्या गोष्टीची सुरुवात आठवली. तीही तुम्ही दरवेळी सांगायचा. "साहेबानं बसल्या बसल्या इचारलं, प्यादं पहिले दोन घर का एक घर? किल्ला करता का? मी म्हनलं, साहेब, तुमचा कायदा जंगलात. इथी माया गिरनीवर मायाच कायदा." लोक हसायचे, मीही हसायची. चाळीस वर्षं हे वाक्य माझ्या कानात होतं आणि त्याचा अर्थ मला परवा लागला. तुम्हाला माहीत होतं. बाहेरचा खेळ वेगळा असतो हे तुम्हाला माझ्या लहानपणापासून माहीत होतं.

मी नववीत आहे. चित्रकलेचे सर गिरणीवर आले आहेत, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत माझं नाव घालायला. ते म्हणतात, तिकडचे नियम जरा निराळे आहेत, आठ दिवस शाळा सुटल्यावर तिला थांबवतो, शिकवतो. तुम्ही पट्ट्यावरची नजरसुद्धा हलवत नाही. "माया पोट्टीले तुमी कायले शिकवता? मी मेलो काय? नियम सारे तेच हाय." सर गेल्यावर मी विचारते, बाबा, निराळे म्हणजे कसे? तुम्ही म्हणता, "डोस्कं नको खाऊ. मारता येते तं मार, नाई तं उडव राजा." आणि मी गडचिरोलीला जाते. समोर दोन वेण्यांची एक मुलगी, बाजूला पंच, मागे शाळाशाळांची पोरं उभी. नवव्या खेळीला मी मोठ्या दिमाखात राजा उचलून अडीच घरं टाकते. ती मुलगी हात वर करते. पंच येतात, राजा मागे ठेवतात, म्हणतात, बाळ, अशी खेळी नसते, पण राजाला हात लावलास ना, आता राजाच हलव. मागची पोरं हसतात. कोणीतरी म्हणतं, हिचा राजा टुणटुण करते. हरला तो बाहेर अशी स्पर्धा होती. सरांनी बसमध्ये मला एक पेरू दिला, कापून, मीठ लावून.

गिरणीवर माझ्याआधी बातमी पोचली होती. दहा-बारा माणसं पोत्यांवर बसलेली. मी दप्तर घेऊन उभी आहे आणि तुम्ही त्यांना सांगताय, "आमची पोट्टी राजाले घोडा समजते." सगळे हसले. तुम्ही सगळ्यात मोठ्यानं हसलात. तेव्हा एक शब्द बोलला असता, हे मीच शिकवलं होतं म्हणून, तर मी हे कागद काळे केले नसते. एक शब्द. तुमची काय इज्जत जाणार होती त्या पोत्यांसमोर? त्यानंतर मी तुमच्याशी रोज खेळले, रोज हरले, आणि रोज एकच ठरवलं की एकदा, फक्त एकदा, तुम्हाला हरवायचं. बाकी मला आयुष्यात काही सिद्ध करायचं नव्हतं. नर्सिंगला लागले, नोकरी लागली, भामरागडला पोस्टिंग झालं. सुट्टीत घरी आले की पहिला डाव, मग पाणी.

खोटं का बोलू, तुमच्यातलं सगळ्यात वाईट जे होतं ते मी जसंच्या तसं घेतलं आहे. तुम्ही मात लवकर करायचा नाहीत. आधी समोरच्याची एकेक सोंगटी खायचा, म्हणायचा, "पहिले घर खाली करतो, मंग मालकाले काढतो." मीही तेच करते. जिंकलेला डाव संपवत नाही. प्यादी सरकवून दुसरा वजीर करते, मग तिसरा, आणि पलीकडच्या माणसाचा उघडा राजा सगळ्या पटावर पळवते. यंत्र म्हणतं, आठ वेळा एका खेळीत मात होती, घेतली नाही. सुधारणा करा. काय सुधारणा करू? परवा एकानं लिहिलं, कृपा करून संपव ना. मी आणखी सहा खेळी खेळवलं त्याला. बरं वाटलं.

आता तो दिवस. तुम्हाला झटका आला, डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं शाबूत राहिलं. गडचिरोलीहून घरी आणलं तेव्हा मी सुट्टी काढून आले होते. दुपारी आईनं ताट वाढलं. तुम्ही उजव्या बाजूचा भात खाल्ला आणि डाव्या बाजूची वांग्याची भाजी तशीच ठेवली. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "भाजी नाई खाल्ली वं, एवढी आवडीची." मी ताट अर्धं फिरवलं. तुम्हाला भाजी दिसली, तुम्ही खाल्ली. आईला सांगितलं, अशा झटक्यात माणसाला डावीकडचं कळत नाही, डोळे चांगले असतात पण त्याच्या लेखी ती बाजूच नसते. वॉर्डात मी नातेवाइकांना रोज सांगते, आजोबांच्या उजवीकडून बोला, ताट फिरवा. हे माझं काम आहे.

त्याच दुपारी तुम्ही बाजेवर उशीला टेकून बसलात आणि म्हणालात, "मांड पाट." मी मांडला. पांढऱ्या तुम्हाला, नेहमीसारख्या. तुमच्या डाव्या हाताकडून मी घोडा आत घातला, मग वजीर. तुम्ही उजवीकडची प्यादी एकेक घर पुढे सरकवत होता. मी हत्ती घेतला. दोन खेळ्यांनी तुम्ही विचारलंत, "माया हत्ती कुठी गेला?" मी म्हटलं, मारला. "कधी वं?" मी म्हटलं, आत्ताच, तुमच्या डोळ्यासमोर. मग तुमचा वजीर घेतला. आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "पुरे कर वं पोट्टे." मी पुरे केलं नाही. पाट फिरवायला एक हात लागला असता. तुमच्या राजाला मात झाली तेव्हा तुम्ही उजव्या हातानं पाट चाचपून पाहिला, बराच वेळ. आणि म्हणालात, "चांगली खेळली." अख्ख्या जन्मात तुमच्याकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच. मी ती घेतली, आणि कुरखेड्यात चार घरी सांगितलंही की बाबांना हरवलं.

आई आता माझ्याजवळच असते, क्वार्टरमध्ये. मघाशी तिनं विचारलं, काय लिहून राह्यली एवढं? मी म्हटलं, एक जुना डाव लिहून ठेवते. तिला वाचता येत असतं तर हे घरात लिहिलं नसतं. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पोट्टीले म्हटलं होतं, आज अजून एक डाव खेळू, पण भामरागडहून फोन आला, ड्यूटीवर जा लागलं तिले. मी गेल्यावर दहाव्या दिवशी तुम्ही गेलात. नदीनं रस्ता तोडला होता, मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

फोन आला नव्हता, बाबा. माझी पाच दिवसांची सुट्टी शिल्लक होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावी बाजू हळूहळू परत कळायला लागते. मला त्याआधी निघायचं होतं.